एकुआबाईंचं भरलं माप

घानातल्या केप कोस्टच्या आमच्या चॅपेलमध्ये प्रवचन लांबलं, की एखादी वयस्क बाई बसल्या जागेवरून गाणं उचलते. पाद्रीबाबा वाक्याच्या मधोमध असले तरी चालतं. ते थांबतात, घाम टिपतात आणि बहुधा मनातून आभारही मानतात. उचलणारी बाई पहिल्या तीन ओळी एकटीने म्हणते, चौथ्या ओळीला सगळं चॅपेल तिला येऊन मिळतं. कुणी उचलायचं याची यादी नसते की ठराव नसतो. जिला आतून उमाळा येईल तिने उठावं. आता गेली अकरा वर्षं हा उमाळा नेमका एकुआबाई अमिसा यांनाच येत होता, ही गोष्ट वेगळी. दुसऱ्या कुणाला तो येऊ लागलाच, तर एकुआबाई फक्त मान वळवून पाहत आणि तो ओसरत असे. पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेल्या बाईची मान होती ती.

तर त्या रविवारी पहिल्या दोन ओळी नेहमीसारख्या छपरापर्यंत गेल्या. तिसरी ओळ लांब आहे, एका दमात म्हणायची असते. एकुआबाईंनी श्वास घ्यायला छाती भरली आणि बरगड्यांखाली काहीतरी खेकड्यासारखं चावलं. श्वास अर्ध्यावर अडला. ओळ हवेत लोंबकळत राहिली. तेवढ्यात मागच्या बाकावरून मिसेस एशुन यांनी ती उचलली, रस्त्यात पडलेली वस्तू उचलून मालकाला द्यावी इतक्या सहज, आणि गाणं पार पैलतीराला नेलं.

चॅपेल सुटल्यावर मिसेस एशुन पायरीवर थांबल्या होत्या. "घसा बसला का हो, एकुआताई? आलं चघळत जा. आपलं वय झालं आता."

'आपलं' हा शब्द एकुआबाईंना सगळ्यात जास्त लागला.

चार आठवड्यांनी महिला मंडळाचा पन्नासावा वर्धापनदिन होता. वरिष्ठ पाद्री सपत्नीक येणार होते, चार गावची मंडळं येणार होती. त्या दिवशी जी बाई गाणं उचलेल, तिचा उमाळा पुढची दहा वर्षं कुणी अडवणार नाही, हे दोघीही जाणून होत्या.

एकुआबाईंनी आधी दोष आपल्या भक्तीला दिला. पहाटे साडेचारला उठून प्रार्थना, रोज एक स्तोत्र, शुक्रवारी दुपारपर्यंत उपास, एवढं होतंच. त्यात त्यांनी बुधवार वाढवला. बुधवारी चूल पेटेना, त्यामुळे त्यांचे यजमान एबो यांनाही विनासायास पुण्य लागू लागलं.

"देवाला तुझा आवाज हवाय," एबो तिसऱ्या बुधवारची वाट न पाहता म्हणाले. "त्यात माझ्या केंकेचा काय संबंध? दवाखान्यात जाऊन ये."

दवाखान्यातल्या नर्सने पाठीला नळी लावली, श्वास घ्या-सोडा केलं आणि नळी गळ्यात टाकली. "फुप्फुसं ठणठणीत आहेत, बाई. त्यांच्यावर जे आवळलंय ते बदला. ही ब्रा कधीची?"

"तीन वर्षांपूर्वीची."

"आणि माप?"

"माप माझंच आहे. धाकट्याच्या वेळी घेतलं होतं."

"धाकटा केवढा आहे?"

"एकोणतीस."

नर्सने पेन खाली ठेवलं. "चष्म्याचा नंबर बदललात की नाही?"

"चार वेळा."

"मग? अंग काय शाळेच्या इमारतीसारखं राहतं का? पन्नाशीनंतर छाती सैल होते, खाली उतरते, बगलेकडे सरकते. पाठ रुंदावते. बघा, खांद्यावर पट्ट्यांनी केवढ्या चऱ्या पाडल्यात. पाठीवरचा पट्टा वर चढलाय. तो सरळ आडवा बसला पाहिजे, त्याच्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. सगळा भार त्याच पट्ट्याने उचलायचा असतो, खांद्यांनी नाही."

एकोणतीस वर्षं आपण चुकीचं उत्तर अंगावर वागवत होतो, हे शिक्षिकेला पटणं सोपं नसतं. एकुआबाईंनी घरी येऊन ही गोष्ट फक्त शेजारच्या अबाला सांगितली, तीही शपथेवर. अबा कोपऱ्यावर केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे, विकते. संध्याकाळपर्यंत केंकेबरोबर ती बातमीही केळीच्या पानात बांधून घरोघर गेली.

मग सल्ले आले. अबाचं म्हणणं, काही घालूच नये, तिची आजी शेवटपर्यंत मोकळी राहिली आणि ब्याण्णव वर्षं जगली. औषधाच्या दुकानाचे मिस्टर क्वेसन अंगणात येऊन आंब्याच्या झाडाकडे पाहत म्हणाले, की 'त्या बाबतीत' मलमही मिळतं. सगळ्यात पुढे गेले ते एबो. ते सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीत त्यांनी चार पूल बांधले, त्यातले तीन अजून उभे आहेत. त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीने आकृती काढली.

"हे बघ. भार वरून टांगलास तर दोर ताणतात. भार खालून पेलायला हवा. पाया रुंद, दोन्ही बाजूंना टेकू. मधे एक..."

"एबो, ती आकृती फाड."

"का? शास्त्रशुद्ध आहे."

"वर्तमानपत्र दुपारी क्वेसन मागायला येतात."

नर्सने सांगितलं तेच एबो सांगत होते, पण नवऱ्याच्या तोंडून आलेलं शास्त्र ऐकायचं नाही, असा एकुआबाईंचा आणखी एक व्रतासारखा नियम होता.

इथे एक गोष्ट सांगून टाकायला हवी. आमच्याकडच्या बायकांचं हे वस्त्र म्हणजे नुसतं वस्त्र नसतं. पर्स हिसकावली जाते, पिशवी विसरते, पण इथे ठेवलेली वस्तू कुठे जात नाही. एकुआबाईंच्या तिथे चॅपेलच्या कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा असे, लहानसा फोन असे, चष्म्याची डबी, चौघडी रुमाल, आणि रडणाऱ्या पोरांसाठी गोळ्यांची कापडी पिशवी. वर्गात खडूही तिथूनच निघायचा. हे सामान इतकं अंगवळणी पडलं होतं, की ते सामान आहे हेच त्या विसरल्या होत्या.

माप घ्यायला त्या अजोआकडे गेल्या. अजोआ त्यांची चौथीतली विद्यार्थिनी. तिच्या प्रगतिपुस्तकात एकुआबाईंनी लिहिलं होतं, 'हिला आकड्यांची भीती वाटते आणि आकड्यांना हिची.' आता अजोआच्या शिवणाच्या दुकानात सहा मशिनं होती आणि अर्धं गाव तिच्या हातचे काबा घालत होतं. काबा म्हणजे आमचं पोलकं, अंगाला असं चोपून बसवलेलं, की आत एक शेंगदाणा जास्त खाल्ला तरी शिवणीला कळतं.

अजोआने गळ्यातला टेप काढला, एकुआबाईंकडे पाहिलं, आणि पुन्हा पाहिलं. "बाई, म्हणजे... आधी थोडं काढून ठेवायचं असेल तर..."

"अजोआ, मी कुणासमोर काही काढत नाही. कपड्यावरून घे."

चौथीतली अजोआ एका क्षणात परत आली. "हो बाई," म्हणत तिने टेप फिरवला. छातीखाली मोजलं, छातीवरून मोजलं, भिंतीवरच्या तक्त्यावर बोट फिरवलं, आणि पुन्हा पहिल्यापासून फिरवलं.

"बोल."

"खालचा घेर चाळीस. आणि कप... जी."

"काय?"

"ए, बी, सी, डी करत जी, बाई."

एकुआबाईंचे कान तापले नसते तरच नवल. आयुष्यभर त्यांनी मुलांना हीच अक्षरं वाटली होती. "आमच्या शाळेत एफला नापास म्हणायचे. एफच्या खालीही काही असतं, हे मला आज कळलं."

"इथे उलटं असतं, बाई. इथे पुढे जाणं वाईट नाही."

"पुन्हा मोज."

अजोआने तीनदा मोजलं. तीनदा जी आलं. "तुझं गणित तसंच राहिलं," असं म्हणून एकुआबाईंनी ते माप कागदावर लिहून घेतलं. पटलं नव्हतं, पण आलेल्या आकड्यापुढे मान तुकवावी हे त्यांनीच पोरांना शिकवलं होतं. वर्धापनदिनाचा निळा-पांढरा काबाही याच मापाने शिवायचा ठरला.

मोठ्या दुकानात हे माप नव्हतंच. तिथली पोरगी म्हणाली, "मम्मी, हा नंबर आम्ही फक्त ऐकलाय." राहिला बाजार, आणि बाजारातल्या जुन्या कपड्यांच्या गासड्या. त्या कपड्यांना आमच्याकडे 'मेलेल्या गोऱ्यांचे कपडे' म्हणतात. शर्ट-पँट असतील तर त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण हे वस्त्र हृदयाला लागून राहणारं. कुणा मेलेल्या बाईचं ते घालून देवाचं गाणं उचलावं का, हा प्रश्न एकुआबाईंना पडला, आणि प्रश्न पडला की त्या विचारून मोकळ्या होत.

पाद्रीबाबा अॅकन चौतीस वर्षांचे, अत्यंत तळमळीचे. गुरुवारच्या प्रार्थनेनंतर एकुआबाईंनी त्यांना गाठलं. "मृत माणसाचं वस्त्र अंगावर घेऊन देवाची स्तुती केली, तर ते चालतं का?"

पाद्रीबाबांचे डोळे चमकले. असा खोल प्रश्न त्यांना इथे आल्यापासून कुणी विचारला नव्हता. मंडळी बहुतेक पंख्याबद्दल विचारत. "वस्त्र कुठलं, हे महत्त्वाचं नाही, आई. ते अंगावर घेताना आपण कुणाचा वारसा घेतो, हे महत्त्वाचं."

"म्हणजे चालतं."

"चालतं काय? घ्यायलाच हवं," ते म्हणाले आणि खिशातली वही काढून काहीतरी लिहू लागले. लिहिताना 'कुठलं वस्त्र' हे त्यांनी एकदा विचारलं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं.

हजिया रमातूचं दुकान कोटोकुराबा बाजारात, कांद्याच्या रांगेमागे. सकाळी तिने नवी गासडी फोडली होती आणि समोर ब्रांचा डोंगर पडला होता. तिने एकुआबाईंना वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं.

"चाळीस, डी."

"चाळीस, जी," एकुआबाईंनी कागद पुढे केला.

"कुणी मोजलं?"

"टेपने मोजलंय. तीनदा."

"मास्तरीणबाई, बावीस वर्षं मी नुसत्या नजरेने देतेय. एकही परत आलेली नाही."

"हजिया, नजर चुकते. आकडा चुकत नाही."

"मग आकड्याला घालून बघा," असं म्हणत हजियाने डोंगरात हात घालून तळातून एक ओढून काढली. दुधाळ चहाच्या रंगाची, रुंद पट्ट्यांची, मागे चार हूक. बाजारात ती ब्लाऊजवरूनच घालून पाहतात, सगळ्याच पाहतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. एकुआबाईंना मात्र वाटत होतं. हजियाने मागून हूक लावायला आणि रांगेतून तीन दाढीवाले बाप्ये यायला एकच गाठ पडली. तिघं थबकले, हातातल्या पिशव्या खाली ठेवल्या आणि ताठ उभे राहून एका सुरात म्हणाले, "गुड मॉर्निंग, मॅडम."

तिसरीची सत्त्याण्णव सालची तुकडी होती.

"गुड मॉर्निंग. बसा," एकुआबाई सवयीने म्हणून गेल्या. बसायला कांदे सोडून काही नव्हतं. पण तशाही अवस्थेत त्यांनी पोरांच्या आयांची चौकशी केली, एकाला नखं कापायला सांगितलं, आणि ते गेल्यावरच श्वास घेतला. श्वास थेट पोटापर्यंत गेला. काही चावलं नाही. ब्लाऊज, किल्ल्या, फोन, डबी, रुमाल, गोळ्या, सगळ्यांसकट ती ब्रा अगदी नेमकी बसली होती.

"बघ," त्या हजियाला म्हणाल्या.

हजियाने डोळे बारीक केले, पण पैसे घेतले.

घरी धुताना बगलेच्या शिवणीत एक पांढरी पट्टी दिसली. त्यावर शाईने लिहिलं होतं, 'मार्गारेट व्ही., खोली नऊ'. एकुआबाई कितीतरी वेळ ती पट्टी हातात धरून बसल्या. खोली नऊमध्ये राहणारी, सगळ्यांचे कपडे एकत्र धुतले जातात म्हणून नाव शिवून घेणारी कुणीतरी. जी कपाची. दुसऱ्या दिवसापासून पहाटेच्या प्रार्थनेत एक नाव वाढलं, आणि एबोंनी अर्धवट झोपेत विचारलं, "ही मार्गारेट कोण?"

"आमचं माप एक आहे," एकुआबाई म्हणाल्या आणि पुढचं नाव घेतलं.

अजोआने काबाही त्याच भरल्या अंगावर बसवला. पुढचे टक्स असे उंच आणि टोकदार आले, की एबोंनी लांबून पाहून 'बांधणी चांगली आहे' एवढाच अभिप्राय दिला.

वर्धापनदिनाच्या रविवारी एकुआबाई चॅपेलच्या पायऱ्या चढल्या तेव्हा चार गावच्या बायका वळून पाहत होत्या. निळा-पांढरा काबा जहाजाच्या नाकासारखा पुढे येत होता. मिसेस एशुन नुसत्या "वा" म्हणाल्या.

मग दारातच कारभारी आले. "एकुआबाई, कपाटाच्या किल्ल्या द्या. वरिष्ठांसाठी चांदीचा पेला काढायचाय." एकुआबाईंनी जरा वळून किल्ल्या दिल्या. जुडगा मोठा होता. डावी बाजू दोन बोटं खाली आली.

दोन पावलांवर टोपली घेऊन मंडळाची चिटणीस उभी. आज फोन आत न्यायचे नाहीत, पाद्रीबाबांचा हुकूम. फोन गेला. उजवी बाजू डावीच्या बरोबरीला आली. पहिल्या बाकावर वरिष्ठांची पत्नी चाचपडत होती, तिचा चष्मा घरी राहिला होता. एकुआबाईंनी डबीसकट आपला दिला. मागे कुणाचं तरी तान्हं भोकाड पसरून रडू लागलं, त्याच्या आईकडे पिशवीतल्या होत्या नव्हत्या तेवढ्या गोळ्या गेल्या. शेवटी ऑर्गन वाजवणाऱ्या म्हाताऱ्याला घाम फुटला आणि त्याच्या हातात रुमाल गेला. आयुष्यभर ज्या हाकेला एकुआबाई ओ देत आल्या, त्या सगळ्या हाका त्या सकाळी एका मागोमाग एक आल्या.

बाकावर बसल्या आणि त्यांनी खाली पाहिलं. काबाचे टक्स जिथल्या तिथे होते. आत कुणी नव्हतं. पुढचा भाग पत्र्याचा डबा दाबावा तसा आत गेला होता, एक बाजू जास्त, एक कमी. तेव्हा, आणि तेव्हाच, एकुआबाईंना सगळं गणित एकदम कळलं. अजोआने बरोबर मोजलं होतं. मोजायला जे होतं तेच चुकीचं होतं.

त्यांनी दोन्ही हात छातीवर घट्ट बांधून घेतले, जणू फार भक्तिभाव दाटून आलाय.

पाद्रीबाबा अॅकन प्रवचनाला उभे राहिले. "बंधुभगिनींनो, या मंडळातल्या एका भगिनीने मला विचारलं, मृत माणसाचं वस्त्र अंगावर घेऊन स्तुती करावी का?"

स्त्रियांच्या बाकांवर माना एकदम ताठ झाल्या. कोपऱ्यावर केंके घेणारी प्रत्येक बाई तिथे होती.

"मी तिला सांगितलं, घ्यावं. पूर्वजांनी ते घातलं. त्यांना त्याचा आधार वाटला. आज ती भगिनी ते वस्त्र घालून तुमच्यातच बसली आहे."

अबाने तोंडात पदराएवढा रुमाल कोंबला. पुरुषांच्या बाजूने एक वडीलधारा आवाज भारावून म्हणाला, "आमेन."

"पण ते तिच्या एकटीचं का असावं? या वस्त्रात प्रत्येकाला जागा आहे. लहानांना, थोरांना. पुरुषांनो, मी तुम्हालाही सांगतो, लाजू नका."

"आमेन," मिस्टर क्वेसन म्हणाले. "मीही घेईन."

आता बाक हलू लागले. चार गावच्या बायका खाली माना घालून थरथरत होत्या, दोघी-तिघी पाळीपाळीने खोकत होत्या. आणखी एक वाक्य, आणि पन्नासाव्या वर्धापनदिनाला वरिष्ठांसमोर अख्खं महिला मंडळ खिदळणार होतं, आणि बिचारे पाद्रीबाबा, ज्यांचं हे आयुष्यातलं सगळ्यात चांगलं प्रवचन होतं, त्यांना जन्मभर कळणार नव्हतं का ते. गाणं उचलायला हवं होतं. ताबडतोब. ते एकुआबाईंच्या आत भरून आलंही होतं. पण उठायचं तर हात सोडावे लागणार होते.

शेजारी मिसेस एशुन बसल्या होत्या. आज मंडळाच्या ज्येष्ठतेने जागा लावलेल्या. "उठा की," त्या पुटपुटल्या.

"उठता येत नाही."

"का? पुन्हा श्वास?"

"श्वास आहे. माल नाही." एकुआबाईंनी हात जरासे उचलून दाखवले.

मिसेस एशुन यांनी पाहिलं. त्याही साठीच्या होत्या, त्यांनाही कुणीतरी कधीतरी मोजलं होतं. गाणं त्यांच्याही ओठांवर तयार होतं, चार आठवडे त्या रोज संध्याकाळी त्याचा सराव करत होत्या, हे त्यांच्या गल्लीला ठाऊक आहे. नुसतं उभं राहायचं होतं. त्यांनी एकुआबाईंच्या काबाकडे पाहिलं, प्रवचनपीठाकडे पाहिलं, आणि स्वतःच्या गळ्याशी हात घालून पांढराशुभ्र रुमाल काढला.

"धरा. डावीकडे घाला. तिकडे जास्त बसलंय." मग त्या बाकाकडे वळून दबक्या आवाजात म्हणाल्या, "रुमाल. सगळ्यांनी. इकडे पाठवा."

कुणी का विचारलं नाही. बाकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घड्या घातलेले रुमाल हातोहात सरकत आले, काही कोरडे, काही घामाचे, एकाला केंकेचा वास. मिसेस एशुन आडोसा धरून बसल्या आणि एकुआबाईंनी अकरा रुमाल आत जिरवले. टक्स भरले. जहाज पुन्हा उभं राहिलं.

एकुआबाई उठल्या आणि त्यांनी गाणं उचललं.

पहिली ओळ, दुसरी ओळ. तिसरीच्या तोंडाशी त्यांनी छाती भरली, आणि मार्गारेटच्या रुंद पट्ट्याने त्यांना खालून हलकेच धरलं, काही न चावता. ती लांब ओळ त्यांच्या तोंडून अखंड निघाली, पंख्यांच्या वर गेली, आणि तिथून चौथी ओळ सगळ्या चॅपेलवर कोसळली. बायकांना हसायचं होतं ते त्यांनी सगळं गाऊन घेतलं. त्यामुळे गाणं असं काही उसळलं, की वरिष्ठ पाद्रीही पाय आपटू लागले.

एक गोष्ट मात्र दोघींच्याही लक्षात आली नव्हती. या गाण्याच्या शेवटच्या कडव्याला रुमाल उडवतात.

कडवं आलं. चॅपेलभर पांढरे रुमाल वर गेले. फक्त एका बाकावर दहाबारा रिकामे हात हवेत चाचपडत राहिले, आणि सगळ्या नजरा एकुआबाईंकडे वळल्या. गाणं सोडता येत नव्हतं. एकुआबाईंनी गाता गाता गळ्याशी हात घातला, एक रुमाल काढला आणि डावीकडे दिला. दुसरा काढला, उजवीकडे दिला. तिसरा, चौथा. वरिष्ठांची पत्नी उसन्या चष्म्यातून हे टक लावून पाहत होती. दर रुमालाबरोबर जहाज थोडं थोडं बुडत होतं आणि गाणं चढत होतं. अकरावा रुमाल मिसेस एशुन यांचा निघाला. तो दोघींनी एकेक टोक धरून उडवला, काबा पार चपटा झालेला, आणि एकुआबाईंना हसू आवरत नव्हतं, पण दम मात्र जराही कमी पडला नाही.

"फार सुंदर प्रथा आहे तुमची," वरिष्ठांची पत्नी नंतर चष्मा परत करताना म्हणाली. "एकीच्या हृदयातून सगळ्यांना. आमच्याकडेही सुरू करू."

सोमवारी एकुआबाई अजोआच्या दुकानात गेल्या. अजोआने टेप काढला. या वेळी तिने एकदाच पाहिलं, दीर्घ श्वास घेतला आणि पस्तीस वर्षं दर परीक्षेआधी एकुआबाई जे वाक्य म्हणत ते म्हणाली.

"बाई, दप्तर रिकामं करा."

सहाही मशिनं थांबली. एकुआबाईंनी मान वळवून पाहिलं. अजोआ ढळली नाही. मग एकुआबाई पडद्याआड गेल्या आणि किल्ल्या, फोन, डबी, रुमाल असं एकेक टेबलावर येऊ लागलं. शेवटी गोळ्यांची कापडी पिशवी त्यांनी उलटी केली, तेव्हा तळाशी विरघळून राहिलेल्या गोळीला चिकटलेली एक लहान किल्ली तिच्यातून टपकन पडली.

ती घराच्या फाटकाची होती. ती एबोंनी ईस्टरला हरवली होती. त्यावर एकुआबाईंनी त्यांना बेफिकिरीबद्दल तीन संध्याकाळी समजावलं होतं, आणि तेव्हापासून एबो फिरायला जाऊन आले, की बायको परत येईपर्यंत भिंतीवर बसून राहत.

"चाळीस, डी," अजोआ म्हणाली.

"नक्की?"

"तीनदा मोजू?"

"नको." एकुआबाईंनी तिची मापांची वही ओढून घेतली, लाल पेन्सिल मागितली आणि आपल्या नावापुढे गोल अक्षरात लिहिलं, 'दहापैकी दहा'. खाली सही केली. अजोआने ते पान अजून कुणाला फाडू दिलेलं नाही.

हजियाने काही न बोलता डी काढून दिली, न बोलण्याचा तिने पुरेपूर आनंद घेतला. ही ब्रा इतकी नेमकी बसली, की आत रुमालाचं टोकही मावेना. अजोआ म्हणाली, काबाच्या आत एक खिसा लावून देते, पण बुधवारपर्यंत थांबा. त्यामुळे बाकीचं सामान पिशवीत टाकून आणि ती चिकट किल्ली मुठीत धरून एकुआबाई घरी निघाल्या. वाटेत दोनदा त्यांचा हात सवयीने गळ्याशी गेला. दोन्ही वेळा जागा नव्हती.

एबो भिंतीवर बसले होते.

"एबो," एकुआबाई म्हणाल्या, "तुझी किल्ली सापडली."

"कुठे होती?"

रस्त्याच्या पलीकडे अबाने केंके बांधायचं थांबवलं होतं. एकुआबाईंनी खांदे सरळ केले. नव्या पट्ट्याने ते मुकाट्याने होऊ दिलं.

"माझ्या मापात धरली गेली होती."

एबोंनी किल्ली घेतली, उलटसुलट करून पाहिली, वास घेतला आणि पुलांची आयुष्यभर चिंता केलेल्या माणसाच्या समाधानाने मान हलवली.

"तरीच," ते म्हणाले. "मी म्हणतच होतो, हिशोबाबाहेरचा भार कुठून येतोय."